विश्लेषण : सहा सामन्यांत संघ कळतो का? ‘मुंबई सिटी’चे तीन हंगाम काय सांगतात?

फुटबॉल हंगामाचे पहिले पाच-सहा सामने झाले की निकाल लावण्याची घाई सुरू होते. आक्रमण धारदार आहे की बोथट, बचाव भक्कम आहे की भगदाड पडलेला, प्रशिक्षक ठेवायचा की काढायचा, याची चर्चा गुणतालिका समोर ठेवून होते. मुंबई सिटी एफसी या महाराष्ट्राच्या संघाच्या बाबतीत ही गुणतालिका २०२० ते २०२३ या काळात सलग तीन वर्षे फसवी ठरली. ज्या हंगामात सुरुवात सर्वांत चांगली झाली, त्याच हंगामात संघ पहिल्या चारांतही आला नाही. ज्या हंगामात सुरुवातीचे गुण सर्वांत कमी होते, तो साखळीतील त्यांचा सर्वोत्तम हंगाम ठरला. आता इंडियन सुपर लीग अर्थात ‘आयएसएल’चा छोटा, प्रत्येकी १३ सामन्यांचा हंगाम तोंडावर असताना सुरुवातीची कामगिरी नेमकी कशी वाचावी, याचे हे विश्लेषण.

हा प्रश्न आताच का?

गेल्या हंगामात, म्हणजे २०२४-२५ मध्ये, आयएसएलमध्ये १३ संघ होते आणि साखळीत प्रत्येक संघ २४ सामने खेळला. त्यानंतर भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातील करार डिसेंबर २०२५ मध्ये संपुष्टात आला आणि नवा हंगाम होणार की नाही, हेच अनिश्चित झाले. अखेर ६ जानेवारी २०२६ रोजी केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी १४ फेब्रुवारीपासून स्पर्धा सुरू होईल असे जाहीर केले. संघ १४, एकूण सामने ९१, म्हणजे प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एकदाच गाठ आणि प्रत्येक संघाला फक्त १३ सामने. याच काळात सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतून अंग काढून घेतले. २०१९ पासून या क्लबची बहुसंख्य मालकी त्यांच्याकडे होती.

२४ सामन्यांच्या हंगामात पहिले सहा सामने म्हणजे पाव हिस्सा. १३ सामन्यांत तेच सहा सामने म्हणजे जवळपास निम्मा हंगाम. साहजिकच प्रत्येक गुणाची किंमत वाढली. मात्र सहा सामन्यांवरून केलेले संघाचे निदान त्यामुळे अधिक खरे होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत होते आणि चुकीचे निर्णय तिथूनच सुरू होतात.

मिहानमधील कारखान्यांत काम करणाऱ्यांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. पहिले सहा नग चांगले निघाले म्हणून कोणी सगळा माल पास करत नाही आणि सहापैकी दोन बिघडले म्हणून यंत्र भंगारातही काढत नाही. नमुना लहान असेल तर शंका नोंदवायची आणि तपासणी वाढवायची, एवढेच करता येते. फुटबॉलमध्ये मात्र सहा नगांवर यंत्र बदलले जाते.

तीन हंगामांचे आकडे काय आहेत?

मुंबई सिटीच्या तीन हंगामांतील साखळी गुण असे होते. तिन्ही वर्षी साखळीत प्रत्येक संघाचे २० सामने होते, त्यामुळे तुलना सरळ करता येते.

२०२०-२१ : ६ सामन्यांनंतर १३ गुण, १३ सामन्यांनंतर ३०, अखेरीस ४०.
२०२१-२२ : ६ सामन्यांनंतर १५ गुण, १३ सामन्यांनंतर १९, अखेरीस ३१.
२०२२-२३ : ६ सामन्यांनंतर १२ गुण, १३ सामन्यांनंतर ३३, अखेरीस ४६.

सहा सामन्यांनंतर या तीन संघांचा क्रम लावला असता तर २०२१-२२ चा संघ पहिला आणि २०२२-२३ चा शेवटचा आला असता. हंगामाअखेर हा क्रम बरोबर उलटा झाला. तेरा सामन्यांनंतर मात्र क्रम अखेरच्या क्रमाशी तंतोतंत जुळतो. एका क्लबच्या तीन हंगामांवरून नियम बनवता येत नाही. पण सहा आणि तेरा यांच्यात किती अंतर असू शकते, हे त्यातून कळते.

पहिला हंगाम : हरून सुरुवात, मग दुहेरी यश कसे?

करोनामुळे २०२०-२१ ची संपूर्ण स्पर्धा गोव्यात, प्रेक्षकांविना झाली. सर्जिओ लोबेरा हे एफसी गोवाचे माजी प्रशिक्षक मुंबईकडे नुकतेच आले होते. अहमद जाहू, मुर्तदा फॉल आणि ह्युगो बुमूस हे त्यांचे गोव्यातील खेळाडूही सोबत आले होते. पहिल्याच सामन्यात, २१ नोव्हेंबर २०२० रोजी, नॉर्थईस्ट युनायटेडने मुंबईला १-० असे हरवले. पूर्वार्धातच जाहूला लाल कार्ड मिळाले आणि पराभवाचा गोल पेनल्टीवर झाला. पुढच्या सामन्यात एफसी गोवाविरुद्धचा विजयी गोलही पेनल्टीवरच, तोही भरपाई वेळेत आला.

पहिल्या चार सामन्यांत मुंबईने सहा गोल केले, त्यातील तीन पेनल्टीवर. म्हणजे आक्रमण फार लयीत होते असे म्हणता येत नव्हते. बचावाचे चित्र मात्र वेगळे होते. या चार सामन्यांत स्वीकारलेला एकमेव गोल पेनल्टीचा होता, म्हणजे चालू खेळातून एकदाही त्यांची जाळी हलली नव्हती. सहा सामन्यांत ९ गोल केले, ३ स्वीकारले. पुढे संघ सलग १२ सामने अपराजित राहिला. पहिल्या १३ सामन्यांत त्यांच्यावर अवघे पाच गोल झाले.

इथे थांबले तर निष्कर्ष सोपा वाटतो : बचाव भक्कम, म्हणजे संघ भक्कम. पण त्यानंतरच्या पाच सामन्यांत याच बचावाने १२ गोल स्वीकारले. नॉर्थईस्टकडून पुन्हा पराभव, गोव्याविरुद्ध ३-३, बंगळूरुकडून २-४, जमशेदपूरकडून ०-२. तेरा सामन्यांत पाच आणि पाच सामन्यांत बारा हे एकाच हंगामातले, एकाच बचावफळीचे आकडे आहेत. अखेरच्या दोन सामन्यांत ओडिशावर ६-१ आणि एटीके मोहन बागानवर २-० असे विजय मिळाल्याने मुंबई सावरली. मोहन बागानचेही ४० गुण झाले होते. परस्परांतील दोन्ही लढती जिंकल्याने लीग विनर्स शिल्ड मुंबईकडे आली. १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगच्या शेवटच्या मिनिटांतील गोलमुळे विजेतेपदही मिळाले.

दुसरा हंगाम : झंझावाती सुरुवात कुठे विरली?

२०२१-२२ मध्ये लोबेरा नव्हते. हंगामाच्या तोंडावर डेस बकिंगहॅम प्रशिक्षक झाले. गोलरक्षक अमरिंदर सिंग आणि बुमूस मोहन बागानकडे गेले होते. आदल्या हंगामात गोल करणारे ॲडम ले फॉन्ड्रे आणि बार्थोलोम्यू ओगबेचेही संघात नव्हते. इगोर अँग्युलो गोव्याकडून आला होता. तरीही सुरुवात अशी झाली : गोव्यावर ३-०, हैदराबादकडून १-३ पराभव, मग मोहन बागानवर ५-१, बंगळूरुवर ३-१, जमशेदपूरवर ४-२ आणि चेन्नईयिनवर १-०. सहा सामन्यांत पाच विजय, १७ गोल, १५ गुण.

त्या वेळी कोणत्याही कसोटीवर हा संघ खरा वाटत होता. गोलफरक +१० होता, म्हणजे तिन्ही हंगामांतील सर्वोत्तम सुरुवात. ‘दुबळ्या संघांना हरवले’ हा आक्षेपही टिकणारा नव्हता. जमशेदपूरने त्या वर्षी शिल्ड जिंकली आणि मोहन बागान तिसरा आला.

त्यानंतरचे पाच सामने : केरळकडून ०-३, नॉर्थईस्टशी ३-३, ओडिशाकडून २-४, ईस्ट बंगालशी ०-०, बंगळूरुकडून ०-३. पाच सामन्यांत दोन गुण, पाच गोल केले आणि १३ स्वीकारले. विजयाविना सामन्यांची ही मालिका सातपर्यंत लांबली. पहिल्या सहा सामन्यांत सामन्यामागे २.८ गोल करणाऱ्या संघाने उरलेल्या १४ सामन्यांत मिळून १९ गोल केले, म्हणजे सामन्यामागे १.४. स्वीकारलेल्या गोलांचा वेग १.२ वरून १.७ वर गेला. मुंबई ३१ गुणांसह पाचवी आली आणि बाद फेरी हुकली.

मागे वळून पाहिले तर काही खुणा दिसतात. मोहन बागानविरुद्ध मध्यंतरालाच ३-० अशी आघाडी होती, हे खरे. पण उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच प्रतिस्पर्ध्यांचे दहा खेळाडू उरले होते. +१० पैकी +४ हा गोलफरक या एकाच सामन्यातून आला. शिवाय मोठा संघ आणि त्या आठवड्यात चांगला खेळणारा संघ या दोन वेगळ्या गोष्टी असतात. मोहन बागान त्या दिवसांत चाचपडत होता आणि दोन-अडीच आठवड्यांत त्यांचा प्रशिक्षक बदलला. बंगळूरुचा संघही सलग सात सामने विजयाविना राहण्याच्या काळातून जात होता. मुंबईने त्यांना हरवले, पण हरवले ते त्यांच्या वाईट काळात. आणि हैदराबादविरुद्ध तीन, जमशेदपूरविरुद्ध दोन गोल स्वीकारणारा बचाव तेव्हा आक्रमणाच्या गोंगाटात झाकला गेला होता.

तिसरा हंगाम : बरोबरीत अडकलेला संघ सर्वोत्तम कसा?

बकिंगहॅम यांना क्लबने कायम ठेवले. २०२२-२३ मध्ये ग्रेग स्टुअर्ट, होर्हे पेरेरा दियाझ, अल्बर्टो नोगुएरा असे लीगमध्ये आधीच सिद्ध झालेले खेळाडू आले. लालियांझुआला छांगते जानेवारी २०२२ पासून संघात होताच. घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवरचे सामनेही परतले होते. सुरुवात मात्र अडखळत झाली. हैदराबादशी ३-३, ओडिशावर २-० विजय, जमशेदपूरशी १-१, केरळवर २-० विजय, मोहन बागानशी २-२ आणि मग चेन्नईयिनवर ६-२. सहा सामन्यांत तीन बरोबरी, १२ गुण.

गुण बाजूला ठेवून फक्त गोल पाहिले तर गोष्ट वेगळी होती. सहा सामन्यांत १६ गोल. संपूर्ण हंगामात मुंबईने ५४ गोल केले, म्हणजे सामन्यामागे २.७. या वेगाने सहा सामन्यांत १६ गोलच अपेक्षित होते. आक्रमणाने पहिल्या दिवसापासून खरा आकडा दाखवला होता. गुण कमी होते, कारण तीन सामन्यांत स्वीकारलेले सहा गोल नेमके बरोबरीला कारण ठरले होते. उरलेल्या हंगामात बचावाची सरासरी सामन्यामागे एका गोलच्या खाली आली. सलग ११ विजय, सलग १८ सामने अपराजित आणि ४६ गुणांसह शिल्ड, असा हा हंगाम झाला. बाद फेरीत मात्र बंगळूरुने उपांत्य फेरीत पेनल्टींवर त्यांना बाहेर काढले. दोन सामन्यांची लढत २० सामन्यांच्या हिशेबाला किती जुमानते, याचा तो धडा होता.

आक्रमणाचे आकडे इतके का हलतात?

कारण गोल ही दुर्मिळ घटना आहे. दीड तासाच्या खेळात दोन्ही संघांचे मिळून सरासरी अडीच-तीन गोल होतात. दुर्मिळ घटना मोजताना एक ढोबळ नियम वापरता येतो : अपेक्षित संख्येचे वर्गमूळ काढले की तिच्यात नुसत्या योगायोगाने किती चढउतार होईल, याचा अंदाज येतो.

२०२१-२२ चा मुंबईचा संघ संपूर्ण हंगामात सामन्यामागे १.८ गोल करणारा ठरला. अशा संघाकडून सहा सामन्यांत सुमारे ११ गोल अपेक्षित धरावेत. ११ चे वर्गमूळ सव्वातीनच्या आसपास. म्हणजे तोच संघ, तेवढाच चांगला खेळून, सहा सामन्यांत साधारण ८ ते १४ गोल करू शकतो आणि कधीतरी १७ पर्यंतही जाऊ शकतो. १७ चा आकडा या पट्ट्याच्या वरच्या टोकाला होता. तो खोटा नव्हता, पण तो टिकेल असे मानायला आधार नव्हता.

म्हणूनच जगभरातील क्लब आता नुसते गोल मोजत नाहीत, तर संधींचा दर्जा मोजतात. फटका कुठून, कोणत्या कोनातून, कशा पासवर मारला यावरून तो गोल होण्याची शक्यता ठरवतात आणि अशा सर्व शक्यतांची बेरीज करतात. तिला ‘एक्सपेक्टेड गोल’ म्हणजे अपेक्षित गोल म्हणतात. पेनल्टीची ही किंमत साधारण ०.७६ ते ०.७९ मानली जाते, म्हणजे चारपैकी तीन. तीस मीटरवरून मारलेल्या फटक्याची किंमत त्याच्या पासंगालाही पुरत नाही. संघाने दहा गोल केले पण अपेक्षित गोलांची बेरीज सहाच भरली, तर पुढे गोल कमी होण्याची शक्यता जास्त. उलट असेल तर प्रशिक्षकाने घाबरायचे कारण नाही. पेनल्टी वगळून हा हिशेब करणे अधिक चांगले, कारण पेनल्टी दर आठवड्याला मिळत नाही.

बचावाचे मोजमाप कसे करायचे?

बचाव मोजताना बहुतेक जण ‘एकही गोल न स्वीकारलेले सामने’ मोजतात. तीन हंगामांतील पहिल्या सहा सामन्यांत मुंबईचे असे सामने अनुक्रमे तीन, दोन आणि दोन होते. पाचव्या आलेल्या संघात आणि शिल्ड जिंकणाऱ्या संघात या मापाने फरकच दिसत नाही. गोलरक्षकाचा एक अफलातून बचाव किंवा खांबाला लागून परतलेला चेंडू हे माप बदलून टाकतो.

त्यापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, गोल कसे झाले : पेनल्टी, कॉर्नर, प्रतिहल्ला की मध्यभागातून सरळ चाल. एकाच प्रकारचे गोल वारंवार होत असतील तर ती नशिबाची नव्हे, रचनेची चूक. दुसरी, चेंडू कुठे गमावला जातो. मुंबईची चाल बरीच वर्षे जाहूच्या पासवरून सुरू होई. अशा संघात त्या एका खेळाडूला घेरले की आक्रमण थंडावते आणि बचावही उघडा पडतो, कारण चेंडू आपल्याच अर्ध्यात गमावला जातो. आक्रमण आणि बचाव यांचे वेगळे प्रगतिपुस्तक काढणे सोयीचे असले, तरी मैदानावर दोन्ही एकाच चालीची दोन टोके असतात. तिसरी, आघाडी किंवा पिछाडी. तीन गोलांनी पुढे असताना स्वीकारलेला गोल आणि बरोबरीत असताना स्वीकारलेला गोल यांचे वजन सारखे नसते.

जामठ्याचा दाखला इथे लागू पडतो का?

मिहानच्या शेजारी, वर्धा मार्गावरील जामठ्याच्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या स्टेडियमवर मार्च २०२५ मध्ये विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. त्या हंगामात साखळीतील सातपैकी सहा सामने जिंकून, ४० गुणांसह विदर्भ गटात अव्वल आला होता. पुढे तमिळनाडू आणि मुंबईला हरवून केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर करंडक घेतला. सुरुवात जशी, शेवट तसाच. मग फुटबॉलमध्ये असे का होत नाही, असा प्रश्न नागपूरच्या क्रीडारसिकाला पडणे स्वाभाविक आहे.

फरक नमुन्याच्या आकाराचा आहे. रणजीच्या एका सामन्यात शेकडो धावा निघतात आणि तीस-चाळीस बळी पडतात. त्या हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, जो एका रणजी हंगामातील विक्रम आहे. यश राठोडने ९६० धावा केल्या. एवढ्या घटना मोजायला मिळाल्या की योगायोगाचा वाटा कमी होतो आणि खेळाडूची खरी कुवत लवकर वर येते. फुटबॉलमध्ये २०२०-२१ चा विजेता संघ २० सामन्यांत ३५ गोल करतो. क्रिकेटमधला ‘फॉर्म’ फुटबॉलला लावताना हा फरक विसरला जातो.

घाईच्या निर्णयाची किंमत कोण मोजतो?

२०२१-२२ हा हंगाम या प्रश्नासाठीही पाहण्यासारखा आहे. मोहन बागानचे पहिल्या सहा सामन्यांत आठ गुण झाले आणि चार सामने विजय मिळाला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये प्रशिक्षक अंतोनियो लोपेझ हबास पायउतार झाले. त्यांच्या जागी एफसी गोवा सोडून हुआन फेरांडो आले. मोहन बागान त्यानंतर सलग १३ सामने अपराजित राहिला आणि तिसरा आला. इकडे गोव्याने पहिले तीन सामने गमावले होते, दोन गोल करून आठ स्वीकारले होते. हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक गमावलेला हा संघ नवव्या स्थानावर राहिला. म्हणजे वाईट सुरुवात प्रत्येक वेळी फसवी नसते. गोव्याच्या बाबतीत ती खरीच होती.

मोहन बागानचा निर्णय योग्य ठरला. मुंबईने नेमके उलट केले. सात सामने विजय नसताना आणि पाचव्या क्रमांकावर हंगाम संपवूनही बकिंगहॅम यांना ठेवले. पुढच्या वर्षी त्याच प्रशिक्षकाने ४६ गुण मिळवून दिले. दोन्ही क्लबांनी वेगळा निर्णय घेतला आणि दोन्ही निर्णय फळले. त्यातून मिळणारा धडा एवढाच, की गुणतालिकेने या दोन्ही निर्णयांचे उत्तर दिले नसते. संघ चेंडूशिवाय कसा धावतो, संधी कशा तयार करतो, खेळाडू प्रशिक्षकाचे ऐकतात का, हे ज्यांनी पाहिले त्यांनाच ते उत्तर शोधता आले.

घाईची किंमत मात्र मालक मोजत नाहीत. प्रशिक्षक बदलला की त्याच्या रचनेसाठी घेतलेले खेळाडू बाकावर जातात. त्यात सर्वाधिक भरडला जातो तो २०-२१ वर्षांचा भारतीय खेळाडू, ज्याला दोन-तीन सामन्यांतच स्वतःला सिद्ध करायचे असते.

तेरा सामन्यांच्या हंगामात काय पाहावे?

पहिली गोष्ट, गुण हे गुण आहेत. छोट्या हंगामात सहा सामन्यांत १५ गुण मिळवणारा संघ खरोखरच फायद्यात असेल, मग तो नशिबाने मिळवो की कौशल्याने. २०२१-२२ मधील मुंबईला पुढचे सात सामने एकही विजय मिळाला नाही, तरी १३ सामन्यांअखेर त्यांच्याकडे १९ गुण होते. ती पुंजी सुरुवातीचीच होती.

दुसरी, वेळापत्रक. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एकदाच सामना असल्याने घरच्या मैदानावर कोण आले आणि कोणाच्या मैदानावर जावे लागले, याचे असंतुलन परतीच्या सामन्यात भरून निघणार नाही. पहिल्या सहा सामन्यांतील गुणांकडे पाहताना त्यातील घरचे सामने किती, हे आधी मोजायला हवे.

तिसरी, एका सामन्याला त्याच्या लायकीपेक्षा मोठे करू नये. ११ मार्च २०२५ रोजी मुंबई सिटीने बंगळूरुला त्यांच्याच मैदानावर २-० असे हरवून बाद फेरी गाठली. २९ मार्चला त्याच मैदानावर त्याच बंगळूरुने मुंबईला ५-० असे हरवले. मधल्या १८ दिवसांत मुंबईचा संघ सात गोलांनी बिघडला नव्हता. दोन्ही निकाल एकाच संघाच्या कुवतीच्या पट्ट्यातले, दोन टोकांचे होते.

चौथी, सहाव्या सामन्यानंतर संघाला क्रमांक देण्यापेक्षा प्रश्न विचारावेत. गोल किती जणांकडून आले? पेनल्टी आणि लाल कार्ड वगळले तर काय उरते? स्वीकारलेल्या गोलांत एकच चूक पुन्हा दिसते का? हरवलेले संघ त्या आठवड्यात कोणत्या अवस्थेत होते? २०२१ च्या डिसेंबरमध्ये हे चार प्रश्न विचारले असते, तर मुंबई पाचवी येईल हे कोणाला सांगता आले नसते. पण ती विजेती होणारच, असेही कोणी छातीठोकपणे म्हटले नसते.

आणि शेवटची गोष्ट, वेळ. २० सामन्यांच्या हंगामात सहा सामन्यांनंतर १४ सामने शिल्लक असत. बारा गुणांवर अडकलेल्या २०२२-२३ च्या संघाला सूर सापडायला आणि पाच सामन्यांत १२ गोल स्वीकारणाऱ्या २०२०-२१ च्या संघाला सावरायला तेवढी जागा होती. या वेळी सहा सामन्यांनंतर सातच उरतील. चुकीचे निदान करून संघ मोडला, तर तो पुन्हा जोडायला हंगाम पुरणार नाही.